जांभळीची ढलपी

नाना, आज महिन्यातला पहिला रविवार. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली, तरी या दिवशी दुपारच्या चहाला माझ्या हातून एक कप पाणी जास्तीचं पडतं. मग तो चहा मीच दोनदा पिते, कारण घरात दुसरं कोणी नाही. आई गेल्यावर मसोलीच्या त्या घरात आपण दोघंच होतो, आणि आपल्या ओटीवर दर पहिल्या रविवारी तुमची ती माणसं यायची. ज्यांना कोर्टाने तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या मुचलक्यावर तुमच्या हवाली केलेलं असायचं, ती. प्रोबेशन ऑफिसर म्हणजे नक्की काय, हे शेजारच्या वाडीवाल्या काकांना शेवटपर्यंत उमगलं नाही. "साहेब, तुम्ही मारामारी करणाऱ्याला चहा पाजता, आम्ही तर नुसता चिकू विकतो, आम्हाला पाणीसुद्धा नाही?" असं ते कुंपणावरून विचारायचे. तुम्ही हसून म्हणायचात, "त्याला आत टाकला तर तिथून तो काय शिकून येईल, ते तुमच्याच वाडीला भोवेल. त्यापेक्षा चहा बरा."

झरीचा तो वारली तुम्हाला आठवत असणारच. बांधावरून भांडण झालं आणि त्याने चुलतभावाच्या हातावर कोयत्याचा दांडा घातला, हाड मोडलं. कोर्टात विचारलं तेव्हा म्हणाला, "मारला मी." वकिलाने कपाळाला हात लावला. विचारलं तेवढंच सांगायचं, खरं सांगायचं, आणि गप्प राहायचं, ही त्याची रीत. त्याच्यासाठी तुम्ही अहवाल लिहिलात तो मला वाचून दाखवला होतात. शेवटची ओळ होती, "यास घरीच राहू द्यावे." मॅजिस्ट्रेटनी ऐकलं, तेव्हा तुम्ही बाजारातून माझ्यासाठी गजरा आणलात. एवढे खूश तुम्ही मी शाळेत मास्तरीण म्हणून लागले तेव्हाही झाला नव्हतात, आणि याचा मला थोडा रागच आला होता.

पहिल्यांदा आला तेव्हा अंधारातच झरीहून निघून उन्हं डोक्यावर असताना पोचला. ओटीवर बसेना. म्हणाला, "मना काम सांग, साहेब." मी काही विचार न करता त्याच्या हातात अंगणाचा झाडू दिला. तुम्ही बाहेर आलात, झाडू काढून घेतलात आणि त्याच्यादेखत मला म्हणालात, "याच्या बापाने जमीनदाराकडे जन्मभर वेठ केली. ती बंद व्हायला माणसं मेली इथे. आपण शिक्षा म्हणून तीच पुन्हा घ्यायची का?" नोकरी करणाऱ्या बाविशीच्या मुलीला कोणी असं बोलतं? मी आत जाऊन रडले. बाहेर तुम्ही त्याला समजावत होतात, की तू नुसता ये, बस, घरचं सांग, हजेरीच्या वहीत अंगठा दे आणि जा. त्याला ते पटत नव्हतं. बसून चहा पिण्याने अपराध कसा फिटेल?

पुढे तो नेमाने येत राहिला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, जूनमधल्या रविवारी तुम्हाला ठाण्याला जावं लागलं. जाताना सांगून गेलात, "त्याला बसव, चहा दे, अंगठा घे, विचारपूस कर." तो आला. परसात जांभळीचे ओंडके पडले होते, गाठाळ, फोडायला माणूस मिळत नव्हता, आणि पाऊस तोंडावर आलेला. त्याने पुन्हा काम मागितलं. मी म्हटलं, ती लाकडं तेवढी फोडून टाक.

नाना, त्याला इतका आनंदात मी कधी पाहिला नव्हता. तिसऱ्या प्रहरापर्यंत फोडत होता. सगळी पडवीत रचून दिली, भाकरी खाल्ली, अंगठा दिला आणि एक ढलपी मागितली. "पंचांना दाखवाया." मला गंमत वाटली. मी म्हटलं, दोन ने. तुम्ही परत आल्यावर लाकडांचं विचारलंत, तेव्हा मी सांगितलं, माणूस मिळाला.

जुलैत तो आला नाही. ऑगस्टमध्ये नाही, सप्टेंबरमध्ये नाही. पावसाने झरीची वाट तुटलेली. तुम्ही दोनदा निरोप धाडलात, पाटलाने पोचवला की नाही देव जाणे. तुम्ही वही उघडून संध्याकाळपर्यंत ओटीवर बसायचात. शेवटी नियमाप्रमाणे कोर्टाला कळवलंत.

तारखेच्या आदल्या दिवशी त्याची बायको आली. तुम्ही वाणगावला गेला होतात. तिने ओच्यातून ती ढलपी काढली. "बाय, तुझा काम केला ना त्यानं? मग दंड फिटला. आमी पंचांना जेवाण घातला, भाऊ पण जेवला. आता पोलीस कशाला?" त्यांच्यात काम झालं, पंगत बसली, की तो विषय पुन्हा कोणी काढत नाही. मी तिला म्हटलं, "तू जा. मी नानांना सांगते." ती ढलपी माझ्यापाशी ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी कोर्टाने त्याला विचारलं, जुलैपासून एकदा तरी हजेरीला गेला होतास? तो म्हणाला, "नाय." विचारलं तेवढंच. सहा महिने ठाण्याचा तुरुंग. सुटल्यावर तो झरीला राहिला नाही, असं तिथल्या मास्तरांकडून कळलं. कुठे गेला, कोणालाच माहीत नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत. एवढंच म्हणालात, "मला माणूस ओळखता आला नाही." त्यानंतर तुमच्या अहवालांतली ती शेवटची ओळ विरळ होत गेली. मी बघत होते. त्याच्यामागून किती जण आत गेले असतील, याचा विचार मी या वयात करते, रिकाम्या घरात, दोन कप चहा घेऊन. तुम्ही माणूस बरोबर ओळखला होतात. तो चुकला नव्हता आणि तुम्हीही नाही.

हे पत्र तुमच्या हजेरीच्या वहीत ठेवणार आहे, जूनच्या पानावर, त्याच्या अंगठ्याशेजारी. एक राहिलं. त्याची बायको गेल्यावर तुम्ही फाटक उघडल्याचा आवाज आला. ढलपी माझ्या हातातच होती. तुम्ही पुन्हा माझ्याकडे त्या झाडूच्या दिवशीसारखं बघाल, याची मला भीती वाटली, आणि मी ती चुलीत सारली. तुमचा चहा तिच्यावरच केला, नाना. चांगला झालाय, म्हणालात.