भाऊरावकाकांच्या नावाचा फिल्टर

तीर्थरूप बेबीआत्यास,

उन्मेषचा साष्टांग नमस्कार (गुडघे टेकत नाहीत, तेव्हा सहाच अंगं मोजून घे). मोतीबिंदूचं ऑपरेशन छान झालं, असं तुझ्या अश्विननं पुण्याहून कळवलं. म्हणजे हे पत्र तू स्वतःच वाचणार, आणि मधलं काही गाळून वाचायला सांगायची माझी सोय गेली. इकडे नानांची प्रकृती उत्तम आहे, त्यामुळे मंडळाची जरा नाजूक असते. (तुझा भाऊ माझा अध्यक्ष आहे, वडील तो फक्त रविवारी असतो.)

म्हाताऱ्यांचे डबे जातात त्या आपल्या मंडळाच्या स्वयंपाकघरात नवा बॉयलर आला, हे तुला ठाऊकच आहे. डिझेलवर बर्नर पेटतो, वाफ होते, वाफेवर वरण-भात शिजतो. बर्नरचा पंप टाकीतून डिझेल ओढून घेतो आणि वाटेत एक फिल्टर लागतो. एक. पण मंडळात वस्तू आली की पाटी आली. (हॉलमधल्या पंख्याच्या पात्यावरही ‘स्मरणार्थ’ आहे, वाचायचं तर पंखा बंद करून घामाघूम व्हावं लागतं.) बॉयलर एका दात्यानं आधीच घेतला होता, उरला फिल्टर, आणि तो तिघांना हवा होता. नानांना आजोबांच्या नावानं, मंडळाच्या विनीताबाईंना त्यांच्या सासूबाईंच्या नावानं (त्या दोघींत जन्मभर सरळ काही गेलं नाही), आणि तुला तुझ्या यजमानांच्या, आमच्या भाऊरावकाकांच्या नावानं. दिवंगत माणसाला नाही कसं म्हणायचं? एकापुढे एक तिन्ही बसवले. तुझा सगळ्यात बारीक जाळीचा, कारण काकांना चहात एक पत्ती चालत नसे.

त्यात आरतीच्या वेळी डिझेलचा वास नको म्हणून नानांनी टाकी पार मागच्या भिंतीशी नेली. तिथून आणायच्या पाइपाचा हिशेब मी केला. तासाला डिझेल जळतं किती ते पाहिलं आणि सियागंजच्या बाजारातून बोटाएवढा पाइप आणला. मला त्या हिशेबाचा अभिमानही वाटला होता, हे आता लिहून टाकतो.

उद्घाटनाला नारळ फुटला, बर्नर पेटला, टाळ्या झाल्या. मग पंप किंचाळायला लागला आणि ज्योत विझली. नानांनी दुसरा नारळ फोडला. पंप पुन्हा किंचाळला. तोवर जेवणाची वेळ टळत आली होती आणि वरणातली डाळ टणक होती. शेवटी कोपऱ्यावरून पोहे-जिलेबी मागवून डबे भरले. इंदुरात माणूस अडला की दुसरं काय करणार! डायबेटिसवाल्या दोन आजोबांनी फोन करून मंडळाचे आभार मानले आणि उद्याही हेच ठेवा म्हणाले. बाकीच्यांचे डबे मात्र गार पोह्यांसकट परत आले. दातच नाहीत त्यांनी काय करावं?

दुसऱ्या दिवशी बर्नर कंपनीची इंजिनियर आली. गिरिजा नाव, मुलगी आपल्यातलीच. तिनं पाइपाला ओढ मोजायचा गेज लावला, तीन पाट्या शांतपणे वाचल्या आणि म्हणाली, “भिया, पंप है, पहलवान नहीं. ओढायची पण त्याची लिमिट असते.” मी माझा हिशेब दाखवला. ती म्हणाली, “जळतं तेवढंच मोजलं ना तुम्ही? पंप त्याच्या डबल-तिबल ओढतो, बचा हुआ टाकीत वापस जातं. पाइप आणि फिल्टर ओढण्यावरून ठरतात, जळण्यावरून नाही.”

आत्या, हे वाक्य डोक्यातून जात नाही. काका मंडईतून दोन पिशव्या भरून आणायचे, घरात लागायची एक जुडी, बाकीचं गल्लीत वाटायचे. आपण त्यांना उधळे म्हणायचो, कारण आपण त्या जुडीवरून मोजायचो. एकट्या म्हाताऱ्या माणसानं गार जेवू नये म्हणून हा डबा सुरू केला तोही त्यांनीच. आणि त्यांच्याच नावाची जाळी आडवी आली म्हणून लोकांच्या वाट्याला गार पोहे आले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

उपाय साधा आहे: जाड पाइप आणि एकच मोठा, मोकळ्या जाळीचा फिल्टर. सभा घेतली. फिल्टर काढायला कुणाचीच हरकत निघाली नाही. प्रत्येकाचं म्हणणं एवढंच, की आधी दुसऱ्याचा काढा. असो. डोळ्यांना जप, औषध वेळेवर घाल.

तुझा,
उन्मेष

ता. क. नाना म्हणाले, “बेबी हो म्हणाली, तर आमचाही काढा.” विनीताबाईही तेच म्हणतात. तेव्हा सगळं तुझ्या होकारावर अडलंय. पत्र त्यासाठीच.

ता. ता. क. खरं म्हणजे अडलेलं नाही. म्हाताऱ्यांना उपाशी ठेवून पत्रोत्तराची वाट कोण बघणार? गिरिजानं जाड पाइप, नव्या मोठ्या फिल्टरसकट, भिंतीमागून नेलाय. तिन्ही फिल्टर पाट्यांसकट भिंतीवर दिमाखात आहेत, पण त्यांतून काहीही जात नाही. काल नाना पाहुण्यांना सांगत होते की तिहेरी गाळणीमुळे ज्योत कशी निळीशार येते. मी मान डोलावली. तुझ्या हातचं खाऊन वाढलोय, तुझ्यापुढे तशी डोलवता येत नाही.

आणखी एक. काकांच्या फिल्टरमधली जाळी तेवढी मी काढून आणली. टाकीत डिझेल ओततो त्या नरसाळ्यात बसवलीय. तिथे ओढाताण नाही, तेल आपल्या वजनानं सावकाश उतरतं, आणि मंडळाचा थेंबन्‌थेंब आता काकांच्या हाताखालून जातो. वेळ लागतो, म्हणून मी शेजारी स्टूल टाकून बसतो. स्वयंपाकघरातून वरणाचा वास येतो. फक्त तिथे पाटी लावायला जागा नाही. चालेल का, एवढंच कळव.