तीन टॅपमध्ये घर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून 'चावीघर' ॲपचा संपूर्ण यूएक्स, म्हणजे ॲप दिसायचं आणि चालायचं कसं ते सगळं, माझ्या हातात. आमचे मालक चनमल्लप्पा हार्डवेअरच्या धंद्यातून प्रॉपर्टीच्या ॲपमध्ये आलेले. त्यांचं दुखणं एकच: लोक ॲपवर घर बघतात आणि चौकशी कोपऱ्यावरच्या पानपट्टीवर करतात. म्हणालो, महिनाभरात पानपट्टी विसरायला लावतो. सध्या ॲपमध्ये चौदा फिल्टर, लाल-पिवळी बटणं आणि वर सरकणारी पट्टी. बघवत नाही. संकल्प: तीन टॅपमध्ये घर. रोज पहाटे साडेपाचला उठून स्केचेस करायची.

४ फेब्रुवारी
आठला उठलो. पण स्वप्नात ॲपच होतं, म्हणजे काम चालूच होतं.

६ फेब्रुवारी
फिल्टर चौदावरून तीनवर. 'पाणी कितव्या दिवशी येतं?' हा प्रश्न उडवला. सोलापूरच्या माणसाने कधीतरी स्वप्नं बघायला शिकलं पाहिजे. ॲप उघडल्या उघडल्या पाण्याचं बॅरल कशाला आठवायचं? त्या जागी टाकलं, 'तुमची जीवनशैली कोणती?' शिवलीलाला दाखवलं. ती म्हणाली, पाणी न विचारता घर कोण घेतं? बायको म्हणून ती उत्तम आहे, पण शाळेत गणित शिकवते. डिझाइन हा वेगळा विषय.

७ फेब्रुवारी
'रद्द करा' आणि 'मागे जा' ही बटणंही काढली. बटण दिसलं की माणसाला शंका येते. मालक म्हणाले, कुणाचं चुकलं तर? सांगितलं, चुकणारच नाही असं डिझाइन आहे. ते चहा मागवायला उठले. पटलं असावं.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४
युजर टेस्टिंग. पुण्यात यासाठी काचेची खोली असते. माझ्याकडे सुंदरम्मा आहेत. आमच्या घरमालकीण. त्या खाली, आम्ही वर, सात वर्षं झाली. करार नाही, कागद नाही. शेंगापोळी केली की पहिली वर येते. वय अडुसष्ट, फोन भजनं ऐकायला आणि अक्कलकोटच्या बहिणीशी बोलायला. यांना जमलं तर जगाला जमेल.

फोन त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, तुमचा वरचा मजला भाड्याने टाकून दाखवा. त्या बघतच राहिल्या. "वरचा? तुमी राहताय त्यो?" म्हणालो, हो, तोच. "शिवलीलाला ठाव हाय?" म्हणालो, तिचाही पाठिंबा आहे. तसं काही नव्हतं, पण टेस्टमध्ये युजरला गोंधळात टाकायचं नसतं. मग त्यांनी डोळे पुसले आणि बटण दाबलं. चष्म्याचा नंबर वाढला असावा. एकदाच अडल्या: "पाणी चौथ्या दिशी येतंय, ते कुटं लिवायचं?" सांगितलं, लिहायची गरज नाही.

तीन टॅप, बावन्न सेकंद. नोंद: वापरकर्ती भावुक झाली.

१० फेब्रुवारी
शिवलीला आठ दिवसांसाठी माहेरी, मंगळवेढ्याला. चुलतभावाचं लग्न. मी कामामुळे गेलो नाही. खालून शेंगा भाजल्याचा वास आला. पोळी आली नाही. विसरल्या असतील.

१२ फेब्रुवारी
टेस्टची ती जाहिरात अजून ॲपवरच आहे. काढायला हवी. पण मालकांना डेमो दाखवायला एखादं देखणं घर लागतं, म्हणून उलट आमच्या गॅलरीचे चार छान फोटो चढवले. मालक खूश. काढतो उद्या.

१५ फेब्रुवारी, शनिवार
जाहिरात बघून चक्क माणसं आली. सुंदरम्मांनीच वर पाठवली. म्हणजे ॲप चालतं. टेंभुर्णीहून बदली झालेले उदयसिंह आणि त्यांची बायको. चहा केला, सगळं घर फिरून दाखवलं, अक्षरांचा आकार वाचायला बरा वाटतो का विचारलं. ते म्हणाले, बरा आहे, जागा कधी मोकळी होणार? हे घर रिकामं नाही असं सांगितलं असतं तर टेस्ट बिघडली असती. म्हणालो, ते सगळं ॲपवर एका टॅपमध्ये होतं. दोघं खूश होऊन गेले. जाताना बाईंनी नळ सोडून बघितला. जुन्या सवयी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
'चावीघर'चं पहिलं पक्कं बुकिंग. ऑफिसात पेढे. कोणतं घर ते स्क्रीनवर दिसत नाही, गोपनीयतेसाठी पत्ता मीच झाकलाय. शिवलीला आजच परत आली. तिला पेढा दिला. तिने तो तसाच हातात धरला आणि सांगितलं, सुंदरम्मा विचारतायत, टेम्पो कधी येणार आहे.

१९ फेब्रुवारी
याला केसाने गळा कापणं म्हणतात. सात वर्षं मुलासारखं वागवायचं आणि मी साधी टेस्ट घेतोय तर घर खरंच दुसऱ्याला देऊन टाकायचं. जाब विचारायला खाली गेलो. मी तोंड उघडायच्या आत सुंदरम्माच बोलल्या. "जायचं होतं तर तोंडानं सांगायचं की. आपल्या जागी दुसरा माणूस बघून द्यायचा आन मग जायचं, ही आमच्या आळीची रीतच हाय. तुमी फोन हातात दिलात तवाच समजलं मला. चार रोज जेवण गेलं न्हाय. पोरासारखे होता तुमी, आन मशीनकडनं सांगितलंत."

मी जाब विचारला नाही. ती टेस्ट होती हे सांगायचं ओठांवर आलं होतं. पण मग ॲपमध्ये चूक आहे असा अर्थ निघाला असता.

२० फेब्रुवारी
बुकिंग रद्द करायला बसलो. बटण नाही. मालकांना म्हणालो, एक बटण परत टाकूया. ते म्हणाले, पहिलाच व्यवहार मोडला तर लोकांना काय सांगू? फ्लेक्स छापायला गेलाय. उदयसिंहांना फोन केला, त्यांनी मुलीचं नाव इथल्या शाळेत घातलंय. ज्यांच्यासाठी राबलो ते सगळे एका बाजूला झाले आहेत. शिवलीला बोलत नाही. तिच्या वतीने पाठिंबा मीच दिला होता हे तिला कळलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
घर शोधतोय. अर्थात 'चावीघर'वरच. जीवनशैली: शांत, सर्जनशील. एकच घर जुळलं. पन्नासेक किलोमीटरवर, वैरागला.

२५ फेब्रुवारी
शिवलीलाने घर शोधलं. शाळेतल्या महादेवीबाईंची ओळख, एक फोन, दहा मिनिटं. पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला म्हणे. पाचव्या दिवशी येतं. आज माझ्याशी एकच वाक्य बोलली, आणखी एक बॅरल लागेल.

१ मार्च, शनिवार
सकाळी टेम्पो आला. सुंदरम्मा पायरीवर उभ्या होत्या. शिवलीला त्यांच्या पाया पडली, तेव्हा दोघी रडल्या. मी गादी घेऊन बाजूला उभा. उदयसिंह कुलूप बघायला आले होते. त्यांना सुंदरम्मा सांगत होत्या, "माणसं लई चांगली. फकस्त मनातलं बोलायची सवय न्हाय." ऐकून आधी राग आला. मग राग गेला आणि फार वाईट वाटलं. त्यांनी मला फसवलं असं मी दहा दिवस लिहितोय आणि त्यांना वाटतंय मी फसवलं.

शेवटची फेरी झाल्यावर ठरवलं, सांगून टाकायचं. आम्हाला जायचं नव्हतं, म्हणायचं. अजूनही नाही. खाली आलो, समोर उभा राहिलो. त्यांनी वर बघून विचारलं, "काय राहिलंय का?"

म्हणालो, नाही, सगळं घेतलं.