शेंडा कुणाच्या हद्दीत

१५ ऑक्टोबर २००२, मंगळवार. दसरा. सकाळी ७.१५
आजपासून डायरी. विमा एजंटनं जानेवारीत दिली होती. मधली पानं कोरी गेली त्याला माझा इलाज नाही. मे अखेर रिटायर झालो, त्या गडबडीत राहिलं. गडबड नेमकी कसली होती ते आता आठवत नाही.
संकल्प: रोज लिहिणे. रोज टेंबलाईच्या टेकडीवर देवळापर्यंत चालत जाणे. शेजारच्या बाळासोशी भांडण न काढणे.

संध्याकाळी ८
बाळासो सोनं द्यायला आला. गुळाचा व्यापारी, आवाज मोठा. सोनं घेतलं. त्याचीच पानं त्याला परत दिली. भांडण नाही. टेंबलाई उद्यापासून.
कॉलनीच्या मंडळाचा सेक्रेटरी संग्राम सांगून गेला, यंदा दिवाळीत फटाके बंद, त्याऐवजी उंच झाडावर लायटिंग करायची स्पर्धा. निकाल पाडव्याला, दत्त मंदिरासमोर, माईकवरून. कप आहे.
कपाचं मला काही नाही. पण माईक! चौतीस वर्षं रेकॉर्ड सेक्शनला काढली. सत्काराच्या याद्या टाइप मी करायच्या, नावं दुसऱ्यांची. माझ्या निरोप समारंभाला साहेब माझं नाव घ्यायला उठले आणि माईक बंद पडला. मागच्या रांगेला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे. एकदा, फक्त एकदा 'श्री. आकाराम ज्ञानदेव चौगले' हे कर्ण्यातून ऐकायचंय. बास.

१६ ऑक्टोबर, बुधवार
कॉलनीत खरं उंच झाड एकच. माझ्या परसातला नारळ. १९८० साली मीच लावला. उंची साठ फूट. किंचित कललाय, बाळासोच्या बाजूला. सौ. म्हणाली, किंचित कुठलं, सगळा शेंडा त्याच्या गच्चीवर हाय की. बायकांना अंतराचा अंदाज नसतो.
टेप लावून मोजलं. बुंधा कंपाउंडपासून साडेतीन फूट आत. विषय संपला.
त्यावरून जुनी फाईल काढली. १९९९ साली झावळी पडून बाळासोच्या सोलरची काच फुटली होती. भरपाई मागायला आला होता. तेव्हा त्याला दिलेलं पत्र अजून वाचलं तरी बरं वाटतं. 'सदर झाडाचा बुंधा माझ्या हद्दीत असला तरी शेंडा पूर्णतः आपल्या हद्दीत आहे. सबब, शेंड्यापासून जे काही उद्भवेल ते सर्वस्वी आपले.' एक प्रत त्याला, एक मंडळाला, पोच घेऊन. बाळासो पत्र घडी करून घेऊन गेला. नोकरीतसुद्धा असा मसुदा कधी जमला नव्हता.
(तेव्हापासून गच्चीवर पडलेले नारळ तो ठेवून घेतो. ते वेगळं.)
टेंबलाई राहिली. फाईल वाचण्यात वेळ गेला.

२० ऑक्टोबर, रविवार. कोजागिरी
संग्रामच्या गच्चीवर मीटिंग. मसाला दूध. बाळासोकडं झाड नाही. म्हणाला, गेटबाहेरच्या रस्त्यावर गुलमोहर हाय, त्याच्यावर टाकतो दोन माळा. मी तिथल्या तिथं हरकत घेतली. रस्त्यावरचं झाड त्याचं कसं? तो म्हणाला, त्याची मुळी माझ्या गेटातनं आत आल्या, फरशी उचकटल्या, मग माझंच की ते.
मी उभा राहिलो. मूळ कुठं आहे याला काडीची किंमत नाही, दिवे कुठं लागलेत ते बघा, असं ठणकावून सांगितलं. लगेच कागद मागवून नियम लिहून दिला: 'बुंधा अथवा मूळ कोठेही असो, ज्याच्या हद्दीत रोषणाई, तोच स्पर्धक.' खाली सही, तारीख. संग्राम म्हणाला, फॉर्मबिर्म नको, कुणी भरत नाही, सगळी घरं आपोआप स्पर्धेत. मंजूर.
बाळासो म्हणाला, ऱ्हायलं मग, मी न्हाय काय करत. आणि तीन ग्लास दूध प्याला. आत जळत असणार.

२३ ऑक्टोबर, बुधवार
माणूस कशाला लावायचा? स्वतः चढणार. गावाकडं लहानपणी सरसर चढायचो. सौ. म्हणाली, तो पेरू होता.

सकाळी १०.३०
पहिला टप्पा पूर्ण. उंची दहा फूट. सौ.नं टेप लावून चार फूट सांगितलं. तिला टेप धरता येत नाही. उतरताना गुडघा जरासा खरचटला. पँट मात्र गेली.
बाळासो गच्चीवरून चहा पीत बघत होता. म्हणाला, पावणं, शिडी देऊ काय? बावीस वर्षं शेजारी राहणाऱ्याला पावणं म्हणायचं म्हणजे काय! भांडलो नाही. खिडकी जरा जोरात लावली एवढंच.
टेंबलाई गुडघ्यामुळे बंद.

२६ ऑक्टोबर, शनिवार
शाहूपुरीतून तीस माळा आणल्या. चायना. दुकानदार म्हणाला, इथंच लावून बघा सगळ्या. मी म्हटलं, गरज नाही. चौतीस वर्षं गठ्ठे बघितलेत, बाहेरून बघून आतलं कळतं.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
नारळ पाडणारा जयसिंग भेटला. चंदगडकडचा, आठवड्याला एसटीनं येतो. स्वतः चढायचा बेत रद्द केलेला नाही, फक्त नियोजन खालून चांगलं होतं. जयसिंगनं झाडाकडं बघितलं आणि म्हणाला, पस्तीस फूट हाय. खालून बघितलं की कमी वाटतं, असं त्याला समजावलं. मग विचारलं, झाड कुणाचं? म्हटलं, आमचं. म्हणाला, मग शेंडा त्येंच्यात कशापायी? खेड्यातल्या माणसाला हद्दीचा कायदा समजत नाही. शनिवारी या म्हणून सांगितलं.

२ नोव्हेंबर, शनिवार. धनत्रयोदशी. रात्री ८
आज लायटिंग चढली. सविस्तर लिहितो.
सकाळी अकराला जयसिंग वर गेला. पानाची पिचकारी टाकायला लागतो तेवढ्या वेळात वर. मी खालून सूचना देत होतो. फाईलचा पुठ्ठा गुंडाळून भोंगा केला होता. एकेक माळ दोरीनं वर पाठवली. प्रत्येक झावळीला एक, असा माझा आराखडा. दीडला काम फत्ते. बाथरूमच्या खिडकीतून वायर काढलेली होती. सौ. म्हणते, आता अंघोळ करायची कशी? दिवाळी वर्षातून एकदा येते, असं सांगितलं. ती म्हणाली, अंघोळ रोज असते.
पिन लावायला गेलो. पिन नाही. खाली नुसती शेपटं. जयसिंग वरून ओरडला, मालक, पिना सगळ्या वर हायत.
कंपनीनं दोन्ही टोकांना पिन द्यायला पाहिजे. पत्र लिहिणार आहे.
जयसिंगनं तीसच्या तीस माळा सोडून उलट्या बांधल्या. मला उद्देशून काही बोलला नाही. झाडाला उद्देशून बरंच बोलला. साडेचारला बटण दाबलं. एक माळ लागली. एकोणतीस बंद.
जयसिंग एसटी गाठायला निघून गेला. एक बल्ब गेला की सगळी माळ जाते म्हणे. बल्ब तपासायचे तर हात पोचतो फक्त बाळासोच्या गच्चीवरून. विचारणं शक्य नव्हतं. तत्त्वाचा प्रश्न होता. मी आत जाऊन पेपर वाचत बसलो. बाहेर आलो तर बाळासो स्वतः टाकीवर बसून टेस्टरनं एकेक बल्ब बघतोय. सौ. मागच्या दारानं सांगून आली होती. दुकानात पूजा असून दोन तास बसला होता. त्याला दुकानात कुणी विचारत नसावं. सातला सगळ्या माळा लागल्या.
सहकार्य मी मागितलं नाही. मिळालं.

४ नोव्हेंबर, सोमवार. लक्ष्मीपूजन
काय दिसतंय म्हणून सांगू! प्रत्येक झावळी उजेडाची. वाऱ्यानं हलली की सगळा शेंडा हलतो. रिक्षावाले थांबून बघतात. कोपऱ्यावरचा दवाखाना बंद करून डॉक्टर आले. मी गेटात उभा होतो. रिटायर झाल्यापासून घरात नुसता इकडून तिकडं फिरत होतो. आज पहिल्यांदा वाटलं, मी अजून आहे.
एकच अडचण. लोक बघायला बाळासोच्या गेटसमोर उभे राहतात. तिथून चांगलं दिसतं म्हणे. त्यालाच वा वा म्हणतात. तो हात वर करून माझ्या घराकडं दाखवतो, पण लोकांना वाटतं नमस्कार करतोय.
उपाय केला. बुंध्यावर पाटी लावली: 'हे झाड येथून सुरू होते. आ. ज्ञा. चौगले.'

५ नोव्हेंबर, मंगळवार. पाडवा. दुपारी ३
भाषण तयार. चार पानं होती, काटछाट करून साडेतीन केली. सुरुवात नम्र आहे. कुर्ता इस्त्री. सौ. म्हणाली, आधी निकाल तर लागू दे. कॉलनीत दुसऱ्या कुणी लावल्यात दोन माळा पेरूला. निकाल कसला लागायचाय?

रात्री ९
आलो. जेवलो नाही.
माईकवरून नाव पुकारलं. संपूर्ण, स्पष्ट. श्री. आकाराम ज्ञानदेव चौगले, आपण आपली स्कूटर मंडपाच्या वाटेतून काढावी. मी भाषण काढून स्टेजच्या अर्ध्या वाटेवर पोचलो होतो. तसाच जाऊन स्कूटर काढली.
परत आलो तर टाळ्या चालू होत्या. पहिला नंबर, बाळासो.
मी हरकत घेतली. संग्रामनं कोजागिरीचा कागद वाचला. बुंधा अथवा मूळ कोठेही असो. अक्षर माझं, सही माझी. मी म्हटलं, शेंडासुद्धा माझाच आहे, पुरावा काय तुमच्याकडं? बाळासो उठला, म्हणाला, द्या रे कप त्यांनाच, झाड त्यांचं हाय, मला काय करायचाय. तिथंच गप्प बसायला पाहिजे होतं. मी म्हटलं, मेहेरबानी नको, कागदावर बोला.
संग्रामनं मंडळाची फाईल उघडली. १९९९. पोच घेतलेली प्रत. माईकवरून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. सबब, शेंड्यापासून जे काही उद्भवेल ते सर्वस्वी आपले. आपला, आकाराम ज्ञानदेव चौगले. म्हणजे नाव एका संध्याकाळी दोनदा आलं. लोक पोट धरून हसले. मसुदा चांगला आहे, असं दोघातिघांनी नंतर सांगितलं.
घरी येताना सौ. काही बोलली नाही. तिनं काहीतरी बोलायला पाहिजे होतं. लाज वाटली. लिहून ठेवतो, वाटली.

६ नोव्हेंबर, बुधवार. भाऊबीज
लायटिंग काढायला जयसिंगला निरोप धाडला. तो म्हणे, वरच्या मालकांनी सांगितलं तरच काढतो.
दुपारी बाळासो आला. कपात चिवडा भरून आणला होता, वर झाकायला स्टीलची ताटली. म्हणाला, घरात भांडी सगळी फराळाला गेल्यात, हेच सापडलं. सोलरचं कधीच विसरलोय मी, पत्र मात्र लई झ्याक लिहिता बघा तुम्ही. त्याच्या पोराच्या नोकरीचा एक अर्ज लिहून द्याल का म्हणून विचारत होता. बघू म्हटलं. अर्धा लिहून झालाय.
चिवडा चांगला होता. शेंगदाणे भरपूर. कप घासून परत द्यायचाय. सौ. म्हणाली, राहू दे की दोन दिवस टीव्हीवर, बरा दिसतोय. ठेवलाय. त्यावर बाळासोचं नाव आहे, ते भिंतीकडं केलंय.