भिंगावरचा पडदा

तीर्थरूप सासूबाईंस,

तुम्ही दीपगृहात खाटेवर, मी किनाऱ्यावर साहेबांच्या कचेरीबाहेर बाकावर. हे वारल्यापासून दिवा मीच लावते. ती नोकरी आता माझ्या नावावर करून घ्यायला आलेय. पण होडी पकडायच्या घाईत दिव्याच्या भिंगावर पडदा ओढला की नाही, काही केल्या आठवत नाही. उघड्या भिंगातून ऊन गेलं तर आतलं लाकूड पेटतं, हे तुम्हीच शिकवलंत. "आधी भिंगाला पडदा, मग पोटाला घास." आज घास खाल्लाय, एवढं पक्कं आठवतंय. जळलं मेलं माझं लक्षण!

कारकून मघाशी हसून म्हणाला, "दिवसा काय, झोपाच काढत असाल!" त्याला खरं सांगावं, तर हे बाईमाणसाचं काम नव्हे म्हणतील. गप्प बसावं, तर तुमचे गुडघे तुम्हाला जिना चढू देत नाहीत, ना उतरू.

सात वर्षं मी स्वच्छ आभाळ मागत आले. आज ढग मागतेय, तर एक येईल तर शपथ.

आत मला बोलावतायत. बोलावू देत. मी होडी गाठते. पडदा ओढलेला निघाला, तर मला वेंधळी म्हणून मनसोक्त शिव्या घाला.

तुमच्या शिव्या ऐकायला आसुसलेली,
सून