कोऱ्या तक्त्यांवरच्या सह्या

मोरिवली, अंबरनाथ
११ नोव्हेंबर २००७

प्रिय सम्यक,

सप्रेम जयभीम.

हे पत्र नाशिकच्या डेपोच्या पत्त्यावर टाकते आहे, ट्रिपवरून आलास की हातात पडेल. परवा फोनवर तू विचारलंस, ताई, तुझा आवाज असा का येतोय? मी म्हटलं, फटाक्यांच्या धुरानं घसा बसलाय. ते खोटं होतं. जे सांगायचंय ते फोनवर सांगता येत नाही, तू मध्येच ‘बरं बरं’ म्हणशील आणि मला तेवढंच निमित्त होईल. जीन्सचा कारखाना दिवाळीमुळे बंद आहे, घर रिकामं आहे, आणि सकाळपासून मी तीन कागद फाडलेत.

बाबांचं ते अपघाताचं प्रकरण तुला फारसं आठवत नसेल, तू पाच वर्षांचा होतास. मी चौदाची होते, मला सगळं आठवतं. ब्रेक लागत नाहीत म्हणून ते शेठला आठवडाभर सांगत होते. मग घाटात गाडी उलटली. शेठ घरी आला, आईच्या हातचा चहा प्यायला आणि इन्शुरन्ससाठी लागते म्हणून एका कोऱ्या कागदावर बाबांची सही घेऊन गेला. कोर्टात तो कागद वाचला तेव्हा त्यात बाबांच्या तोंडी लिहिलं होतं, ‘मी दारू पिऊन, न विचारता गाडी नेली.’ लायसन गेलं. त्यानंतर बाबांनी स्टिअरिंगला हात लावला नाही. त्या दिवसापासून कुणी गोड बोललं की मी आधी त्याच्या हातात कागद आहे का ते बघते. ही सवय आहे, सम्यक, मोठेपणा नव्हे.

म्हणून जानेवारीत आकाश तुझ्यासाठी पेपरातली ती जाहिरात घेऊन आला तेव्हा मी ती आधी उलटून पालटून बघितली. तुम्ही दोघं बालवाडीपासूनचे, शिकायलाही जोडीनं जाणार, त्यामुळे तू लगेच हुरळलास. कंपनी ट्रक चालवायला शिकवणार, एक पैसा घेणार नाही, दुपारचं जेवण देणार, पास झालात की नोकरीही तिथंच, फक्त दोन वर्षं दुसरीकडे जायचं नाही. फुकट शिकवणारी शाळा मी कधी पाहिली नव्हती. तू कॅम्प पाचच्या वस्तीत ज्यांचा टेम्पो चालवत होतास ते शेठसुद्धा म्हणाले, “बहन, फ्री में कोई कुछ नहीं देता.” बॉन्डचा कागद मी वकिलाकडून दोनदा वाचून घेतला. त्यात काही निघालं नाही, तर मला वाटलं, वकीलच नीट वाचत नाही.

तुला माहीत नाही, पण फेब्रुवारीत मी दोनदा अर्धी रजा टाकून बदलापूरला तुझ्या ट्रेनिंगच्या जागी आले होते. मैदानाच्या कुंपणाबाहेर चहाच्या टपरीआड उभी राहिले. तू रिकाम्या पिंपांच्या मधून ट्रक मागं घेत होतास आणि तुमचे शिकवणारे हरिचंद्र सर केबिनच्या पायरीवर लटकून ओरडत होते, “घाई करू नको रे, मागं कुणाचं तरी घर आहे असं समज!” तू एक पिंप पाडलंस. ते खाली उतरले, स्वतः पिंप उचलून जागेवर ठेवलं आणि पुन्हा चढले. दुसऱ्या कुणाला ते बरं वाटलं असतं. मला वाटलं, कुणीतरी बघतंय हे यांना कळलंय.

मार्चमध्ये मला टायफॉइड झाला. नऊ दिवस मी दवाखान्यात होते आणि नऊ दिवस तू माझ्या उशाशी. मी विचारलं तर म्हणालास, स्कूलला सुट्टी आहे. कसली ही शाळा, असं म्हणत मी सलाइन लावलेल्या हाताच्या बोटांवरही सुट्टीचे दिवस मोजत होते. घरी आल्यावर तुझी बॅग धुवायला काढली, तर आत घडी घातलेले चार तक्ते सापडले. कंपनीच्या नावाचे, किती तास गाडी चालवली ते लिहायचे. वर सगळं कोरं. खाली तुझी सही. आणि त्याच्या शेजारी सरांची.

मला तू दिसलाच नाहीस रे. मला बाबा दिसले.

तुला विचारायला हवं होतं. पण तू सरांवर इतका भाळला होतास की तू त्यांचीच बाजू घेशील असं वाटलं. मी कॅम्प तीनमध्ये टायपिंगवाल्याकडे गेले आणि कंपनीच्या मोठ्या ऑफिसला पत्र टाईप करून घेतलं. बदलापूरच्या मैदानावरचे शिक्षक पोरांच्या कोऱ्या तक्त्यांवर सह्या घेतात, चौकशी व्हावी. खाली नाव नाही, फक्त ‘एक हितचिंतक’.

पुढचं तुला माहीत आहे. एप्रिलमध्ये दोन साहेब आले, एकेकाला आत बोलावलं. आकाशला दोन तास बसवून ठेवलं, म्हणून तुझ्या डोक्यात संशयाचा किडा शिरला. आठवड्याभरात सरांना कामावरून काढलं. जूनमध्ये सगळ्यांच्या आधी आकाशला गाडी मिळाली आणि तू घरी येऊन भिंतीवर मूठ आपटलीस, “त्यानंच चुगली केली, ताई, त्याचंच बक्षीस मिळालं त्याला.” मी भाकरी थापत होते. माझा हात थांबला नाही. नंतर तुलाही नोकरी लागली, मी आळीत पेढे वाटले आणि स्वतःला समजावलं की झालं ते बरंच झालं, एक लबाड माणूस गेला.

सप्टेंबरमध्ये तो लबाड माणूस आपल्या दारात उभा राहिला. मोरिवलीत पाण्याचा टँकर घेऊन आले होते, आता तेच काम करतात. तुझी खुशाली विचारायला डोकावले. मी पाणी दिलं आणि आडून आडून विचारलं, सर, ते तक्त्यांचं काय प्रकरण होतं हो? ते म्हणाले, “अहो, तुमच्याच आजारपणातलं ते. नऊ दिवस गैरहजर म्हणजे नाव कटलं असतं पोराचं. दर दोन दिवसांचा एक तक्ता भरावा लागतो, म्हणून सह्या आधी घेतल्या आणि तास भरतील तसे लिहायला तक्ते त्याच्याकडेच ठेवले. तास मात्र एकही बुडवू दिला नाही. सहा रविवार दोघं मैदानावर होतो. सांगितलं नाही त्यानं? मीच म्हटलं होतं, ताईला उगाच काळजी लावू नको.”

ते गेल्यावर मी दार लावून घेतलं.

सांगायला महिना लागला. ऑक्टोबरमध्ये बदलापूरला त्यांच्या घरी गेले. त्यांच्या पत्नी, भागीरथीबाई, समोर बसल्या होत्या. मी म्हटलं, ते पत्र माझं होतं.  सर म्हणाले, “सह्या मी घेतल्या होत्या. तुम्ही खोटं लिहिलं नाहीत. पण एकदा येऊन मला विचारलं असतं तर...”  भागीरथीबाई उठून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मी कंपनीला आता माझ्या नावानं पत्र लिहिते म्हटलं, तर सरांनी हात जोडले. सम्यकचे तास पुन्हा उकरतील, त्याची नोकरी जाईल, राहू द्या. म्हणून अजून लिहिलं नाही. ते लिहायचं की नाही, हे तू सांग. तुझी नोकरी आहे, तेव्हा निर्णयही तुझा. तू लिही म्हणालास तर त्याच दिवशी लिहीन.

पण एका गोष्टीसाठी थांबता येत नाही. काल आकाश आला होता. पंचवीस तारखेला त्याचं लग्न आहे, सोनियाशी, बदलापूरला. पत्रिका माझ्या हातात देऊन म्हणाला, “ताई, तो माझा फोन उचलत नाही. मी काय केलं ते तरी सांगेल का?” दोन तास त्याला आत बसवलं होतं ना, तर तो तुझ्याविरुद्ध बोलत नव्हता म्हणून. चारही तक्ते समोर ठेवले तरी म्हणाला, मी सम्यकला रविवारी गाडी चालवताना पाहिलंय, तास खरे आहेत. हेही मला सरांकडून कळलं, त्यानं स्वतः काही सांगितलं नाही. आणि मी काल त्याच्यासमोर उभी राहून फक्त म्हटलं, कामात असेल रे.

सम्यक, आकाशनं काही केलं नाही. मी केलं. सहा महिने तू त्याच्याशी बोलला नाहीस आणि मी गप्प राहिले, कारण तू त्याच्यावर रागावलेला होतास तोवर माझ्यावर नव्हतास. हे वाचून झालं की आधी आकाशला फोन कर. मला नंतर केलास तरी चालेल. नाही केलास तरी मी समजून घेईन.

तुझीच,
यशोधराताई