नवऱ्याचा कान आणि माझी झडप

आत्याला वाकून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? इथे मी रात्रभर झोपले नाही, कारण छातीवर एक अख्खं डोकं होतं. नवऱ्याचं. लाडानं नाही गं (वाचणाऱ्यानं हसू नये). नळ दुरुस्त करणारा माणूस तो, भिंतीला कान लावून आतली गळती ओळखतो, तसाच माझ्या छातीला कान लावून पडला होता. मधेच म्हणतो, "गळत नाहीये. अडकलंय." मी म्हटलं, ते डॉक्टरीणबाईंनी मशीन लावून आधीच सांगितलंय, झोप आता. तर म्हणतो, "बोलू नकोस, ऐकू येत नाही."

झालं असं, की बाळीला कडेवर घेऊन जिना चढताना मला गरगरलं. दवाखान्यात गेले तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथल्या झडपेला तीन पाकळ्या असतात, तुम्हाला जन्मापासून दोनच आहेत, आणि त्यांच्यावर चुना धरलाय. (तू म्हणायचीस ना, हिला देवानं घाईत उरकलंय. खरं निघालं बघ.) चुना म्हटल्यावर नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "अगं, हे तर माझं रोजचंच काम!" तोटीवर पांढरी खपली धरली की तो ती व्हिनेगरात बुडवून ठेवतो, सकाळी लख्ख. मला बुडवता येईना, म्हणून मी ते पाण्यात घालून प्यायले. झडपेचं माहीत नाही, पोट मात्र असं पेटलं की मी घरभर वाकून चालत होते. मग आम्ही दोघांनी डोकं चालवलं (दोघांची शाळा मिळून एकाचीही पुरी होत नाही), की चुना येतो कुठून? दुधातून. मी बाळंतपणानंतरच्या कॅल्शियमच्या गोळ्या बंद केल्या, आणि सांगताना रडू येतं, पण बाळीचं वाटीतलं दूधही बंद केलं. तिची झडप माझ्यासारखीच असली तर? पोर रिकामी वाटी आपटत माझ्या मागे फिरायची, आणि मी ओट्याखाली तोंड घालून तिच्यापेक्षा जास्त रडायची.

डॉक्टरीणबाईंना कळल्यावर त्यांनी मला असं झापलं की बाहेर बसलेले पेशंट सरळ होऊन बसले. दुधाने असं काही होत नाही, आज घरी जाऊन आधी लेकराला दूध द्या. मग मी विचारलं, खाऊ तरी काय? म्हणाल्या, हिरव्या पालेभाजीत के जीवनसत्त्व असतं, ते कमी खाणाऱ्यांत झडपेचा हा त्रास जास्त दिसला असं काही तपासण्यांत आलंय, पण त्यानंच होतो असं अजून कुणी छातीठोक सांगत नाही. मी पहिलं ऐकलं आणि दुसरं ऐकायच्या आत भाजीवाल्याकडे. सकाळी पालक, दुपारी पालक, नवऱ्याच्या डब्यात पालक. त्याच्याबरोबरचा गवंडी विचारतो, घरी बायको आहे का बकरी? बाळीच्या हनुवटीचा हिरवा रंग धुऊनही जाईना.

पुढच्या वेळी मी मोठ्या तोऱ्यात विचारलं, किती उघडली? बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, भाजी चांगलीच, खा, पण बसलेला चुना भाजीनं सुटत नाही. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं हत्यारांची पेटी उघडली, बंद केली, परत उघडली. त्याला खोलता येत नाही अशी झडप त्याला पहिल्यांदाच भेटली. तेव्हापासून कान लावतो.

पण तू घोर लावून घेऊ नकोस. औषध चालू आहे, मी ठणठणीत. बाळी दूध पिते, पालक दिसला की पळते.

तुझीच टवळी

ता. क. गुडघे गरम पाण्यानं शेक.

आणखी एक ता. क. आत्याला हे पत्र जे कोणी वाचून दाखवत असाल, त्यांनी इथून पुढे मनातल्या मनात वाचा. काय लिहिलंय असं ती विचारेल. सांगा, गुडघ्याचंच आहे.

माझी झडप बदलायची आहे, पुढच्या आठवड्यात छाती उघडणार. भीती खूप वाटते, पण ते माझं मी बघते. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणी असं अचानक गेलंय का? आमचे बाबा जिन्यात दम खायला बसले ते उठलेच नाहीत. त्यांचं डोकं आत्याच्या मांडीवर होतं, म्हणून हे तिला ऐकवू नका. बाई म्हणाल्या, दोन पाकळ्यांचं हे घराण्यात असू शकतं, सगळ्यांना तपासा. बाळीला तीन आहेत, मी स्वतः पडद्यावर बघितल्या. राहिला माझा भाऊ. तो पण जिन्यात मधेच थांबतो आणि चप्पल सुटली म्हणतो.

मी त्याला फोन केला होता. सुरुवात व्हिनेगरपासून केली, तर तो इतका हसला की त्याला धाप लागली. ती धाप मला ऐकू आली आणि पुढचं तोंडातून फुटलंच नाही. लहानपणापासून त्याला हसवत आलेय, माझं खरं त्याला नाटकच वाटतं. परक्याचं ऐकेल. नंबर या कागदाच्या मागे आहे. आत्याला पाणी देऊन जरा बाहेर जा, आणि त्याला म्हणा, चप्पल नाही सुटत रे तुझी, छाती दाखवून ये. पाया पडते, आजच फोन करा.