पाचवीचा पाटा

मिशन दवाखाना, तलवाड्याचा माळ
श्रावण शुद्ध ११, शके १८४६

तीर्थस्वरूप उत्तरेश्वरदादांच्या सेवेशी,
शिवकन्येचा शि. सा. न. वि. वि.

काल हरकाऱ्यानं तुमचं पत्र आणून दिलं. दोन पानं भरून मुगाची, पावसाची आणि ढवळ्याच्या खुराला मारलेल्या पत्रीची हकीकत, आणि मंजुळावहिनीला दिवस गेलेत ही बातमी अगदी तळाला, कोपऱ्यात कोंबलेली! धन्य आहे तुमची. वाचलं आणि तशीच पायरीवर बसले. हसू आलं, रडूही आलं. कार्तिकात बाळंत व्हायची म्हणता, म्हणजे दिवाळीच्या आगेमागेच.

इकडचं म्हणाल तर तीच रड. बायकांच्या खोलीचं छप्पर गळतं, म्हणून खाटा इकडून तिकडे सरकवण्यात आमचा दिवस जातो. विहिरीचं पाणी मचूळ, ते उकळायला सरपण पुरत नाही. ताप, गळू, मोडलेला हात, अडलेली बाई, सगळं एकट्या डॉक्टरबाईंच्या गळ्यात. मदतीला मी आणि भांडी उकळणारी दगडाबाई. एवढंही कसंबसं निभतं. निभत नाही ते एकच, की बाळंतीण चौथ्या दिवसापुढे इथं राहत नाही. पाचवीला सटवाई पुजायची ती आपल्या घरी, आपल्याच पाट्या-वरवंट्यावर. म्हणून चौथ्या दिवशी गाडी दारात हजर. ओली बाळंतीण खडकाळ वाटेनं आदळत जाते आणि मागून निरोप येतो तो बहुतेक वाईटच. डॉक्टरबाई हात जोडून सांगतात की दहा दिवस तरी राहा, पण त्यांचं कोण ऐकतं?

आता मनातलं लिहिते. हे वाचून पत्र चुलीत घाला. वहिनीची दोन्ही लेकरं कशी गेली ते तुम्ही विसरला नसाल. आठवडाभर चांगली होती, मग दूध सुटलं, दातखीळ बसली, अंग ताठ झालं. माय म्हणाली, सटवाई कोपली. मी डॉक्टरबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की नाळेला काय लावलं होतं. मी सांगितलं, आमच्या घरी पाचवीला गोवरीवर ऊद जाळतात आणि ती राख अंगारा म्हणून बाळाच्या बेंबीला लावतात. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, ओली नाळ म्हणजे उघडी जखम, शेणाच्या राखेतून धनुर्वाताचं विष तिथूनच आत जातं.

दादा, दोन्ही वेळा अंगारा मायनं लावला होता. किती जीव ओतून पूजा केली होती तिनं! हे तिला कधीही कळता कामा नये, कळलं तर ती जगायची नाही. पण हे लेकरू वाचवायचं तर वहिनीला दिवाळीआधी इकडे आणा. माझं माय ऐकायची नाही. घरधनी गेल्यावर मी मडमेच्या दवाखान्यात काम धरलं, इथलं पाणी प्याले, त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तिला मी मेलेच. जे करायचं ते तुम्हीच करा.

थोरल्याची माया आहेच, ती अशीच ओली राहू द्यावी, ही विनंती.

आपली धाकटी,
शिवकन्या


उमापूर
भाद्रपद वद्य २

चि. शिवकन्या हीस,
उत्तरेश्वराचे अ. उ. आ.

विशेष. पत्र वाचलं अन् तू सांगितल्यापरमानं चुलीत घातलं. माय समोरच भाकरी थापत होती. तिनं इचारलं, कुणाचं हाय? मी म्हणलं, तहसीलचं. तवापासून मला रोज इचारती, तहसीलची कागदं जाळून तू पाटीलकी कशी सांभाळणार? तुझ्यापायी मी घरात येडा ठरलो बघ.

मग एक दिवस हिंमत करून बोलणं काढलं. लई तापली. कावून, कशापायी तिकडं न्यायचं, म्हणून इचारलं. उमापुरात काय बायका बाळंत होत न्हाईत का? पाचवी कोण करील, ती मडमीण? सटवाई दोनदा कोपली, आता तिसऱ्यांदा तिला परक्या माळावर उपाशी ठेवता का? शिवा, खरं सांगतो, जिभेच्या टोकावर आलतं. सांगून टाकावं वाटलं. पण तिच्या पिठानं भरलेल्या हाताकडं नजर गेली अन् सगळं गिळलं.

अन् ऐक, मंजुळा बोलली! सासूपुढं कधी तोंड उघडलं न्हाई त्या पोरीनं. दाराआडून म्हणाली, मला वन्संकडं न्या. एवढंच म्हणाली अन् आत गेली. माय त्या दिवशी जेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून माझ्याम्होरं येऊन बसली. म्हणाली, जाऊ, पण आपल्या घरचा पाटा-वरवंटा संगं घ्यायचा. चूल आपली, पाणी आपलं. पूजा त्याच खोलीत व्हायची, अन् अंगारा मी माझ्या हातानं लावणार, रीतीनं, बेंबीला.

आणखी एक गंमत. जाता जाता तिनं इचारलं, त्या माळावर थंडी फार असती का, अन् तिथं राहणाऱ्यांना तूप मिळतं का? मंजुळेचं तूप तर इथूनच जाणार हाय. मग ही चौकशी कुणाच्या तुपाची ते तूच वळख. तुझं नाव मात्र अजून घेत न्हाई.

आता सगळं तुझ्यावर हाय. मडमबाई पूजा करू देती का, अन् अंगाऱ्याचं काय करायचं, मला काय सुचत न्हाई. तब्येतीला जप. दोन घास जास्त खात जा.

तुझा,
दादा


मिशन दवाखाना
आश्विन शुद्ध ५

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

मायच्या तुपाचं वाचून दगडाबाईला मिठी मारली, ती बिचारी घाबरली. असो.

डॉक्टरबाईंना विचारलं. सरळ नाही म्हणाल्या. देवाच्या नावानं लोकांनी दान दिलं, त्यातून ही खोली उभी राहिली, तिथं सटवाई कशी मांडू देऊ, असं त्यांचं म्हणणं. मीही तोंड सोडलं. म्हटलं, मग पांढऱ्या चादरी घालून रिकाम्या खाटा सांभाळत बसा. त्यांचा चेहरा पडला. त्यांच्याशी असं बोलायला नको होतं, पण बोलले.

त्याच आठवड्यात छबुबाई नावाची कुंभाराची सून चौथ्या दिवशी निघून गेली. अंगात कणकण होती, तरी सासरच्यांनी गाडीत घातलीच. डॉक्टरबाईंना राहवेना. औषध घेऊन तिच्या वस्तीवर गेल्या. परत आल्या त्या गुडघाभर चिखलात. दगडाबाईनं चहा दिला, तो तसाच निवून गेला. छबुबाई वाटेतच गेली होती. तान्हं लेकरू चुलत्याच्या घरी बकरीच्या दुधावर ठेवलंय म्हणे.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, तुझ्या वहिनीच्या पाचवीला मी बंगल्यात खिडकीकडे पाठ करून बसेन. घरची पत्रं लिहायची राहिलीत, ती लिहीन. मला काही दिसणार नाही. पण नाळेला बाहेरचं काहीही लागता कामा नये, आणि ती जबाबदारी तुझी. दादा, या बाईसारखी हट्टी बाई मी मायशिवाय दुसरी पाहिली नाही. दोघी एका जागी आल्यावर माझं काय होणार, देव जाणे.

म्हणजे आता या. पण खरी भीती पुढंच आहे. नाळेला अंगारा लागला तर हेही लेकरू हातचं जाईल, आणि मायचा हात धरायचा तर मीच. चार वर्षांनी ती समोर यायची आणि आमचं पहिलं बोलणं हे? आणि कारण विचारलं तर काय सांगू? रोज खाटा पुसताना हाच विचार करते, काही सुचत नाही.

वहिनीला माझ्या वतीनं पोटाशी धरा. मायला नमस्कार सांगू नका, चिडेल. मनातल्या मनात सांगा.

आपली,
शिवकन्या


उमापूर
आश्विन वद्य ७

चि. शिवकन्या हीस अ. उ. आ.

हे पत्र म्हाळूच्या हाती देतोय. गाडी तोच हाकणार, तुला लहानपणी खांद्यावर घेऊन फिरायचा तोच म्हाळू. संगं माय अन् मंजुळा. कापूस वेचणीला आलाय, म्हणून मला निघता येत न्हाई, अन् खरं सांगायचं तर तिथं राहून बघायची माझ्यात हिंमत न्हाई. पाटा गोणपाटात बांधून मायनं मांडीशी घेतलाय, कुणाला हात लावू देत न्हाई. सांभाळ सगळ्यांना.

दादा


मिशन दवाखाना
कार्तिक वद्य १

तीर्थस्वरूप दादांस,
शि. सा. न. वि. वि.

म्हाळूच्या तोंडून लेक झाल्याचं कळलंच असेल. तोंड वाकडं केलं असेल तर आधी सरळ करा, मग पुढे वाचा. अशी गोरीगोमटी, केसाळ पोर आपल्या घराण्यात झाली नाही. नाक मात्र तुमचं आहे, त्याला इलाज नाही.

आता पहिल्यापासून सांगते. आल्या दिवशी माय माझ्याकडे बघेना. कडुनिंबाखाली चूल मांडली, पाणी तलवाड्याच्या पाटलाच्या विहिरीवरून म्हाळूकडून आणवलं. काही लागलं की दगडाबाईला सांगायची, त्या नर्शीला म्हणावं चादर बदल. मी समोर उभी, तरी निरोप दगडाबाईमार्फत! बाळंतपण मात्र सुखरूप झालं. डॉक्टरबाईंनी उकळलेल्या कात्रीनं नाळ कापली, वर स्वच्छ पट्टी बांधली. पोरीचा पहिला आवाज ऐकून माय दारातच मटकन खाली बसली.

पाचवीला मायनं खोलीच्या कोपऱ्यात पाटा मांडला. वरवंट्याला खणात गुंडाळून बाळासारखं निजवलं. हळदकुंकू, खोबरं, दिवा आणि सटवाईनं नशीब लिहावं म्हणून कोरा कागद नि बोरू. गोवरीवर ऊद टाकला. मला तर आपलं स्वयंपाकघरच दिसायला लागलं. मग तिनं बोटावर अंगारा घेतला, पोरीचं दुपटं सोडलं, आणि तिचं बोट पट्टीकडे गेलं. मी काही ठरवलं नव्हतं. माझा हात पट्टीवर गेला आणि तिचं बोट माझ्या हातावर टेकलं.

वहिनीनं डोळे मिटून घेतले. माय थांबली. कावून, असं तिनं विचारलं, चार वर्षांत पहिल्यांदा मला, सरळ मला. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की माय, सटवाई नशीब कपाळावर लिहिते ना, मग अंगारा तिथंच लाव. कुठं लिहायचं ते तिला लांबूनच दिसू दे. बेंबीला पट्टी आहे, तिथं तिचं काय काम?

दादा, तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पट्टीकडे पाहिलं. मग स्वतःच्या बोटाकडे. आणि अंगारा पोरीच्या कपाळाला लावला. बोटाला थोडा उरला होता, तो तिनं माझ्या कपाळाला लावला. मी बाहेर जाऊन पोटभर रडून घेतलं.

त्यानंतर काय दिवस काढले म्हणून सांगू! पोरीनं जांभई दिली तरी आम्ही तिघी धावायचो. आठवा दिवस गेला, नववा गेला, दहावा गेला. आज बारावा. पोर अशी हावऱ्यासारखी दूध पिते की वहिनी ओरडते आणि माय तोंडाला पदर लावून हसते. नाळही कोरडी होऊन पडली. डॉक्टरबाईंनी खरोखर पाठ फिरवली होती. फक्त दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, की काल कुठून तरी उदाचा फार छान वास येत होता. मायनं त्यांना शिरा पाठवला, त्यांनी वाटी पुसून खाल्ली.

परवा गाडी पाठवा. खोली ओकीओकी वाटेल. माया आटू देऊ नका.

आपली,
शिवकन्या


उमापूर
मार्गशीर्ष शुद्ध ९

(माय सांगती तसं लिहितोय. यातलं एक अक्षर माझं न्हाई. दादा)

चि. शिवकन्याला केसरबाईचा आशीर्वाद.

आमी सुखी पोचलो. पोरगी लई ग्वाड हाय, दिवसभर मूठ चोखती. मंजुळा बी बरी हाय. तुझ्या दादानं पोरीला पाहिलं अन् गोठ्यात जाऊन बैलापाशी रडत बसला. हे लिव म्हणलं तर लिवत न्हवता, मी लिवायला लावलं.

तू लई वाळलीस. तुपाचा गडवा म्हाळूबरुबर धाडलाय, त्यातलं दुसऱ्याला वाटू नको. मडमबाईला दिलं तर चालंल. संक्रांतीला घरी ये. घागर मी माझ्या हातानं भरून ठिवीन, त्यातलं पाणी पी. कोण काय बोलतंय ते मी बघती.

पाटा तितंच ऱ्हायला, तो इसरून न्हाई. म्हाळू म्हणाला, माघारी जाऊन आणतो. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे. कुणी बाळंतीण चौथ्या दिवशी निघाली तर तिला म्हणावं, उमापूरच्या केसरबाईचा पाटा हाय, सटवाईच्या वळखीचा हाय. परक्याचा चालत न्हाई म्हणाली तर सांग, मी दिला, आता तुमचा. आमी पाथरवटाकडून नवा घेतला. अजून नीट वाटत न्हाई, खरखर करतो.

अन् अंगारा कपाळालाच लाव. समद्यांना तसंच सांग. येताना गाडीत पोरगी मांडीवर निजली व्हती, तवा मी लई इचार केला. पैली दोन लेकरं मनात आली. तू मला काय बोलली न्हाईस. उत्तरेश्वर बी बोलत न्हाई, आता लिवताना मान खाली घालून बसलाय. मी इचारनार न्हाई. तुमी बी सांगू नका.

माया हाय, ती हायच.

तुझी माय,
केसरबाई